चॉकलेटच्या कारखान्यातले गुप्तहेर: एका बारची रेसिपी मिळवण्यासाठी कंपन्या कुठल्या थराला गेल्या?

महाराष्ट्रात अजूनही कितीतरी घरांत चॉकलेटला 'कॅडबरी'च म्हणतात. बार कुठल्याही कंपनीचा असो, दुकानासमोर हट्ट करणारं पोरगं "मला कॅडबरी पाहिजे" असंच म्हणतं. इतकं घरचं झालेलं हे नाव. पण ही कंपनी आणि तिचे प्रतिस्पर्धी एकेकाळी एकमेकांच्या कारखान्यांत माणसं पेरायचे, असं कुणी सांगितलं तर पटकन विश्वास बसत नाही.

रोआल्ड डाल यांची 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' ही गोष्ट अनेकांनी वाचलेली असते, नाहीतर तिच्यावरचा सिनेमा तरी पाहिलेला असतो. त्यात विली वोंका आपल्या सगळ्या कामगारांना घरी पाठवतो आणि कारखान्याचं फाटक बंद करून घेतो. कारण? प्रतिस्पर्ध्यांनी कामगारांच्या वेषात हेर पाठवून त्याच्या एकेक कृती चोरलेल्या असतात. कुणी न वितळणारं आइस्क्रीम काढतो, कुणी चव न संपणारं च्युइंगम. लहान मुलांना ही निव्वळ गंमत वाटते. डाल यांनी मात्र ही कल्पना हवेतून काढलेली नव्हती.

डाल १९३० ते १९३४ या काळात इंग्लंडमधल्या रेप्टन शाळेत बोर्डिंगला होते. तिथल्या मुलांना कॅडबरीकडून अधूनमधून पुठ्ठ्याचे साधे खोके यायचे. खोक्यात १२ बार. त्यातले ११ अजून बाजारात न आलेले, एक ओळखीचा, तुलनेसाठी. मुलांनी चाखायचं, गुण द्यायचे आणि आवडलं किंवा नाही आवडलं तर का, ते लिहायचं. शाळकरी पोरांना फुकट चॉकलेट आणि कंपनीला फुकट परीक्षक! कंपन्यांमध्ये खास खोल्या असतात, तिथे मोठी माणसं नव्या चॉकलेटवर गुपचूप प्रयोग करत असतात, हे डाल यांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. पुढे १९६४ मध्ये पुस्तक आलं, त्याचं बीज इथे होतं, हे त्यांनी 'बॉय' या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे.

त्या काळी इंग्लंडमध्ये दोन मोठी नावं होती, बर्मिंगहॅमची कॅडबरी आणि यॉर्कची राउंट्री. या दोघी एकमेकींच्या कारखान्यांत कामगार म्हणून हेर घुसवतात, असं सर्रास बोललं जायचं. कुठला हेर कुठे शिरला याचे सगळे किस्से आज तपासता येत नाहीत. पण एक गोष्ट पक्की आहे. दुसऱ्याच्या कारखान्यातली माहिती पैसे देऊन मिळवणं या धंद्याला नवं नव्हतं. डाल जन्मायच्या ४० वर्षं आधीपासून ते चालू होतं.

पण चॉकलेटमध्ये लपवण्यासारखं असतं तरी काय?

रॅपर उलटं करून पाहा. साखर, दुधाचे घन पदार्थ, कोको बटर, कोको, इमल्सिफायर. साहित्य उघड छापलेलं असतं, तेही जास्त वजनापासून कमी वजनाच्या क्रमाने. मग चोरायचं काय?

ज्यांनी दिवाळीला अनारसे केलेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. तांदूळ, गूळ, तूप, खसखस, साहित्य एवढंच. पण तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं, ते किती सुकवायचे, पीठ किती ओलसर असताना गुळात मिसळायचं, तळताना तूप किती तापलेलं हवं, हे सगळं हातात असतं, कागदावर नसतं. घरातली अनुभवी बाई साहित्य आनंदाने सांगते. प्रमाण विचारलं की "अंदाजाने" म्हणते.

चॉकलेटचंही तसंच आहे, फक्त अंदाजाच्या जागी यंत्रं आहेत. कोकोच्या बिया किती तापमानाला आणि किती वेळ भाजल्या, त्यावर चव ठरते. दूध आटवलेलं घेतलं की पावडर, साखर दुधात आधी मिसळली की नंतर, त्यावर ठरते. शेवटची पायरी सगळ्यात नाजूक. कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक तयार करू शकतं. त्यातला पाचवा प्रकार जमला, तरच बार चकचकीत दिसतो, 'टक्' आवाज करत तुटतो आणि जिभेवर विरघळतो. त्यासाठी वितळलेलं चॉकलेट ठरावीक अंशांपर्यंत थंड करून पुन्हा किंचित तापवावं लागतं. याला टेम्परिंग म्हणतात. (उन्हाळ्यात वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढुरकी झाक येते, तीही याच स्फटिकांची करामत. ती बुरशी नसते, उगाच फेकून देऊ नका.)

प्रयोगशाळेत बार दिला तर साखर किती, चरबी किती, दूध किती हे कळतं. ते केलेलं चालतंही. बाजारातून वस्तू विकत घेऊन ती उलगडून पाहणं हा गुन्हा नाही. पण भाजणी कशी केली आणि यंत्र कुठल्या वेगाने किती तास फिरवलं, हे बार सांगत नाही. ते फक्त कारखान्यात दिसतं. म्हणून हेरांचा डोळा कायम कारखान्याच्या दाराकडे.

पेटंट का घेत नाहीत, असा प्रश्न पडू शकतो. पेटंट घ्यायचं म्हणजे पद्धत लिहून जाहीर करायची. त्या बदल्यात साधारण २० वर्षांचं संरक्षण मिळतं, नंतर ती कुणीही वापरावी. गुपित ठेवलं तर मुदत नसते, फक्त ते फुटता कामा नये. बहुतेक चॉकलेटवाल्यांनी दुसरा रस्ता धरला. आणि गुपित म्हटलं की पाळत आलीच.

स्वित्झर्लंडमधलं २० वर्षं जपलेलं गुपित

१८७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात रोडोल्फ लिंट याने एक यंत्र वापरायला सुरुवात केली. तोपर्यंत चॉकलेट हा चावून खायचा खरखरीत, भुसभुशीत, कडवट प्रकार होता. लिंटच्या यंत्रात चॉकलेटचा लगदा कित्येक तास, कधी दिवसभराहून जास्त, एका रुळाखाली मागेपुढे घोटला जायचा. त्यात तो वरून कोको बटर घालायचा. आंबूस वास उडून जायचा, कण बारीक व्हायचे आणि हाती यायचं रेशमासारखं मऊ चॉकलेट, जे तोंडात आपोआप विरघळायचं. यंत्राचा आकार शिंपल्यासारखा, म्हणून त्याला 'काँच' म्हणतात. आज जगातलं जवळपास प्रत्येक चांगलं चॉकलेट या पायरीतून जातं.

कारखान्यातला नोकर यंत्र बंद करायचं विसरला आणि सोमवारी आला तर चमत्कार झालेला, अशी गोष्ट लिंटबद्दल सांगतात. गोष्ट छान आहे, पण दंतकथेच्या वळणाची आहे.

खरी गोष्ट पुढची. लिंटने ही पद्धत सुमारे २० वर्षं बाहेर जाऊ दिली नाही. इतर स्विस कारखानदारांना त्याचं चॉकलेट वेगळं आहे हे चाखून कळत होतं, पण ते कसं होतं हे कळत नव्हतं. शेवटी १८९९ मध्ये झुरिकच्या श्प्रुंग्ली घराण्याने सरळ मार्ग धरला. त्यांनी लिंटचा कारखाना, नाव आणि गुपित मिळून १५ लाख सुवर्ण फ्रँकला विकत घेतलं. त्या काळात ही रक्कम अफाट होती.

आणि मग जे होतं तेच झालं. विकलेलं गुपित माणसाच्या डोक्यातून काही निघून जात नाही. काही वर्षांतच लिंटच्या घरच्याच मंडळींनी बर्नमध्ये स्वतःचा वेगळा चॉकलेट कारखाना काढला. श्प्रुंग्लींनी कोर्टात धाव घेतली. हा कज्जा सुमारे दोन दशकं चालला. तोवर काँचची पद्धत युरोपभर पसरली होती.

देवभीरू माणूस आणि लंडनमधली जाहिरात

आता यॉर्ककडे वळू. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चक्रावून टाकणारा माणूस तिथे होता, जोसेफ राउंट्री.

इंग्लंडच्या चॉकलेट धंद्यातली तिन्ही मोठी घराणी, कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री, क्वेकर पंथाची. ख्रिस्ती धर्मातला हा एक साधा राहणारा, युद्धाला आणि दारूला विरोध करणारा पंथ. जुन्या इंग्लंडमध्ये क्वेकरांना ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे बंद होते, त्यामुळे हुशार पोरं धंद्यात उतरायची. दारूऐवजी लोकांनी कोको प्यावा, हा त्यांना धंद्यातला पुण्याचा भाग वाटायचा. खोटं बोलायचं नाही, लबाडी करायची नाही, कर्ज बुडवायचं नाही, ही पंथाची शिकवण. दिवाळं वाजलं तर पंथातून काढून टाकण्यापर्यंत वेळ यायची.

१८६२ मध्ये जोसेफचा धाकटा भाऊ हेन्री याने यॉर्कमधला एक छोटा कोकोचा धंदा विकत घेतला. हेन्री माणूस भला, पण हिशेबात कच्चा. सात वर्षांत धंदा बुडायच्या टोकाला आला, तेव्हा १८६९ मध्ये जोसेफ भावाला वाचवायला आत शिरला.

वेळ वाईट होती. त्या काळी कोकोमध्ये पिठं, स्टार्च असं काहीबाही सर्रास मिसळलं जायचं, कारण नाहीतर त्यातली चरबी पेल्यावर तरंगायची. डचांनी यावर तोड काढली होती. व्हॅन हाउटन यांच्या दाबयंत्राने चरबी पिळून काढता येत होती. कॅडबरींनी ते यंत्र हॉलंडहून आणलं आणि १८६६ मध्ये 'कोको इसेन्स' नावाची शुद्ध पावडर बाजारात आणून शुद्धतेची जोरदार जाहिरात केली. राउंट्रींकडे ना ते यंत्र, ना ते ज्ञान, ना पैसा.

१८७२ मध्ये जोसेफ लंडनला गेला. तिथे त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: कोको आणि मिठाईच्या कामातला जाणकार मुकादम आणि अनुभवी कामगार पाहिजेत. नोकरीची जाहिरात, त्यात वावगं काही नाही. पण भेटायला आलेली माणसं लंडनच्या बड्या कोको कंपन्यांमध्ये काम करणारी होती. जोसेफने त्यांना बसवून बारकाईने विचारलं. कुठली बी वापरता, किती साखर, कुठलं यंत्र, किती माल निघतो, पगार किती, मुकादम कसा आहे. मिळेल ते टिपून घेतलं. काहींना त्यांच्या मालकाची कृती सांगण्याबद्दल रोख पैसे दिले.

म्हणजे प्रार्थनेला नियमाने जाणारा, मालात भेसळ नको म्हणणारा, अतिशयोक्ती नको म्हणून जाहिरातबाजीलासुद्धा नाक मुरडणारा हा माणूस लंडनमध्ये बसून दुसऱ्यांच्या कृती विकत घेत होता. त्याला यात विसंगती वाटली का? कामगार आपल्या हातातलं कसब विकतोय, आपण ते घेतोय, असं त्याचं समाधान असू शकतं. तेव्हाच्या व्यवहारात ही रेषा आजच्याइतकी ठळक नव्हतीही. तरी ज्या मालकाची कृती पाच-दहा पौंडांत गेली, त्याला हे समाधान पुरलं नसतं.

गंमत म्हणजे एवढं करूनही राउंट्रींना लगेच काही गवसलं नाही. त्यांना हात दिला तो हेरगिरीने नव्हे. १८७९ मध्ये क्लोद गाजे नावाचा एक फ्रेंच मिठाईवाला स्वतःहून नमुने घेऊन यॉर्कला आला. फळांच्या चवीच्या, साखरेत घोळलेल्या मऊ गोळ्यांमध्ये तोवर फ्रेंचांची मक्तेदारी होती. जोसेफने त्याला कामावर ठेवलं. दोन वर्षं प्रयोग झाले आणि १८८१ मध्ये राउंट्रीच्या फ्रूट पॅस्टिल्स बाजारात आल्या. त्या इतक्या खपल्या की कंपनी तरली आणि त्याच पैशातून पुढे डच पद्धतीची यंत्रं आली.

याच जोसेफ राउंट्रीने नंतर कामगारांसाठी न्यू इअर्सविक नावाचं आदर्श गाव वसवलं, पेन्शन योजना सुरू केली, आपल्या संपत्तीचा मोठा वाटा धर्मादाय ट्रस्टना दिला. ते ट्रस्ट आजही इंग्लंडमध्ये गरिबीवर काम करतात.

मालकाचा मुलगा मजूर बनून आत शिरला

अमेरिकेतल्या फ्रँक मार्स यांनी १९२३ मध्ये 'मिल्की वे' बार काढला आणि भरपूर कमावलं. मुलगा फॉरेस्ट महत्त्वाकांक्षी आणि तापट. बापलेकाचं जमेना. शेवटी फॉरेस्ट ५० हजार डॉलर आणि परदेशात मिल्की वे बनवण्याचा हक्क घेऊन युरोपात आला.

खिशात हक्क होता, पण चॉकलेट बनवता येत नव्हतं. वडिलांच्या बारवरचं आवरण हर्शी कंपनीचं, विकत घेतलेलं. मग फॉरेस्टने शिकायचं ठरवलं आणि ज्या ठिकाणी ही विद्या सगळ्यात चांगली होती तिथेच गेला. पत्रकार जोएल ग्लेन ब्रेनर यांच्या 'द एम्परर्स ऑफ चॉकलेट' या पुस्तकात दिल्याप्रमाणे तो स्वित्झर्लंडमध्ये आधी टोबलरच्या आणि मग नेस्लेच्या कारखान्यात साधा कामगार म्हणून लागला. आपण कोण आहोत हे त्याने सांगितलं नाही. पाळ्या केल्या, यंत्रं पाहिली, कोण काय कसं करतं ते डोक्यात साठवलं आणि निघाला.

१९३२ मध्ये लंडनजवळच्या स्लाऊ गावात भाड्याच्या जागेत त्याने कारखाना टाकला आणि मिल्की वेचा इंग्रज जिभेला रुचेल असा गोड अवतार काढला. नाव दिलं मार्स बार. तो तुफान चालला. आणि त्यावरचं चॉकलेटचं आवरण सुरुवातीला कुठून यायचं? कॅडबरीकडून! कॅडबरीला वाटलं, एक गिऱ्हाईक मिळालं. तो प्रतिस्पर्धी होईल हे लक्षात यायला वेळ लागला. अमेरिकेतही मार्स कंपनी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हर्शीकडूनच चॉकलेट घेत होती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ज्याने दुसऱ्याच्या कारखान्यात शिरून विद्या मिळवली, त्याने स्वतःच्या कारखान्याभोवती जगातली सगळ्यात उंच भिंत बांधली. मार्स ही घराण्याच्या मालकीची कंपनी, शेअर बाजारात नाही, त्यामुळे हिशेब जाहीर करायचं बंधन नाही. मालक मुलाखती देत नसत, फोटो काढू देत नसत. यंत्र दुरुस्तीला बाहेरचा माणूस बोलवावा लागला, तर त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला यंत्रापर्यंत नेलं जायचं, काम झालं की पट्टी बांधूनच बाहेर, असंही ब्रेनर यांच्या पुस्तकात आहे.

असे प्रयत्न युरोपातही होत राहिले. १९८० मध्ये स्वित्झर्लंडच्या सुशार-टोबलर कंपनीतल्या एका शिकाऊ कामगाराने गुप्त कृती परदेशी सरकारांना विकायचा प्रयत्न केल्याचं प्रकरण गाजलं. गिऱ्हाईक मिळालं नाही.

कचऱ्याच्या पिशव्या

१९९० च्या दशकात कारखान्यात शिरायची गरज उरली नाही. नेस्लेने अमेरिकेत १९९७ मध्ये 'नेस्ले मॅजिक' नावाचा चॉकलेटचा गोळा आणला, आत प्लॅस्टिकची कुपी आणि त्यात खेळणं. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने मिठाईच्या आत न खाता येणारी वस्तू घालायला बंदी आहे. लहान मुलांच्या घशात अडकेल म्हणून ओरड सुरू झाली आणि त्याच वर्षी नेस्लेला माल मागे घ्यावा लागला. या ओरडीमागे मार्स आहे, असा नेस्लेला संशय.

पत्रकार एमन जेव्हर्स यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात पुढची हकीकत दिली आहे. माजी सरकारी सुरक्षा अधिकाऱ्यांनी चालवलेल्या बेकेट ब्राउन इंटरनॅशनल नावाच्या खासगी कंपनीला हे काम मिळालं, आणि तिच्या माणसांनी मार्सचा कचरा उचलायला सुरुवात केली. टाकलेले मसुदे, फोन नंबरांच्या चिठ्ठ्या, फाडलेले कागद. रात्री पिशव्या उचलायच्या, निवडायच्या, जुळवायच्या. हे ऐकायला किळसवाणं आहे, पण रस्त्याच्या कडेला टाकलेल्या कचऱ्यावर मालकाचा खासगीपणाचा हक्क उरत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पोलिसांच्या एका प्रकरणात म्हटलेलं होतं. खासगी हेरांना ते सोयीचंच.

ऑफिसांत कागद बारीक कापणारी यंत्रं दिसतात, ती शोभेला नसतात.

सात माणसांनाच ठाऊक असलेला पाव

आता शेवटचं मोठं प्रकरण. ते चॉकलेटचं नाही, बेकरीचं आहे, पण मुद्दा तोच आणि कोर्टाच्या कागदांवर आलेला.

अमेरिकेत 'थॉमस इंग्लिश मफिन' नावाचा गोल, चपटा पाव नाश्त्याला खातात. तो मधोमध फाडला की आत जाळी दिसते, बारीक खळगे आणि उंचवटे. लोणी त्यात मुरतं. ही जाळी हेच त्याचं भांडवल, आणि वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलरची विक्री त्यावर उभी. बिंबो बेकरीज या कंपनीने ही कृती अशी तुकड्यांत वाटून ठेवली होती की पूर्ण माहिती फक्त सात जणांना होती.

त्या सातांपैकी एक होता कंपनीचा उपाध्यक्ष. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याने होस्टेस या प्रतिस्पर्धी कंपनीची नोकरी मान्य केली. पण बिंबोला सांगितलं नाही. जानेवारी २०१० पर्यंत तो जुन्या खुर्चीत बसून राहिला, गुप्त बैठकांना जात राहिला. वर्षअखेरचा बोनस घ्यायचा होता आणि हातातली कामं संपवायची होती, असं त्याचं म्हणणं. शेवटी बातमी फुटली आणि त्याला त्याच दिवशी निघायला सांगण्यात आलं. नंतर त्याच्या लॅपटॉपची तपासणी झाली. निरोपाचा फोन झाल्यानंतर लगेच, काही सेकंदांत, डझनभर गोपनीय फायली एकदम उघडल्या गेल्याचं दिसलं. बाहेरून जोडायच्या ड्राइव्हही सापडल्या. यावर त्याचं उत्तर असं की, नव्या नोकरीसाठी आपण कॉम्प्युटर वापरायचा सराव करत होतो.

न्यायाधीशांना हे पटलं नाही. खटला पूर्ण होईपर्यंत त्याने होस्टेसमध्ये काम करू नये, असा आदेश झाला आणि जुलै २०१० मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला.

या निकालाने कायद्याच्या वर्तुळात बरीच चर्चा झाली. त्या माणसाने मफिनची कृती होस्टेसला दिली, असं सिद्ध झालेलं नव्हतं. तो ती देईल ही दाट शक्यता पुरेशी ठरली. म्हणजे कित्येक वर्षं बेकरीत घालवलेल्या माणसाने दुसरीकडे जायचं तर डोकं घरी ठेवून जायचं का? कंपनी म्हणते, ही आमची मालमत्ता. माणूस म्हणतो, हा माझा अनुभव. आणि भाजणीचं तापमान नेमकं या दोन्हींच्या मधोमध असतं. याच माणसाने गुपचूप तीन महिने दोन डगरींवर पाय ठेवला नसता, तर निकाल वेगळा लागला असता असं मानायला जागा आहे. कोर्टाने त्याच्या वागण्यावर बराच भर दिला होता.

आणि आपल्याकडे?

अमेरिकेत १९९६ पासून व्यापारी गुपित चोरणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये स्वतंत्र नियमावली केली. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. कंपन्या करारातल्या गुप्ततेच्या कलमावर आणि न्यायालयांच्या निकालांवर अवलंबून असतात.

त्यात आपला करार कायदा १८७२ चा, म्हणजे जोसेफ राउंट्री लंडनमध्ये कृती विकत घेत होता त्याच वर्षीचा. त्याचं कलम २७ कामगाराच्या बाजूने झुकलेलं आहे. नोकरी सोडल्यावर अमुक प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नकोस, असं बंधन घालणारा करार भारतात सहसा टिकत नाही. माणसाला पोट भरू द्या, मात्र कागदपत्रं नेऊ नका, असा साधारण कल. मफिनवाल्या उपाध्यक्षावर आला तसा आदेश इथे मिळवणं अवघड गेलं असतं. मार्च २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८९ व्या अहवालात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा करावा अशी शिफारस केली आणि सोबत मसुदाही जोडला. गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यात संरक्षण असावं, असंही त्यात म्हटलं आहे.

कृतीची किंमत किती, हे मात्र महाराष्ट्रात त्याच सुमारास एका सरळ सौद्यात दिसलं. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव आहे. वालचंद हिराचंद यांनी तिथे साखर कारखाना काढला आणि पुढे तिथल्या गोळ्या देशभर गेल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटी फ्रुटी. सुटे पैसे नसले की दुकानदार हातावर ठेवायचा त्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव शुगर फार्मने हा गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटी रुपयांना दिला. सौद्यात होतं काय, तर ब्रँडची नावं, रेसिपी आणि बौद्धिक संपदेचे सगळे हक्क. जमीन, इमारत आणि यंत्रं रावळगावकडेच राहिली.